बेसाची माणसं कोणत्या यादीत?

‘आता जनगणनेची गरजच काय?’ हा प्रश्न सध्या फार हुशारीचा समजला जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये जनगणनेसाठी ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून तर तो जरा जास्तच ऐकू येतो. विचारणारा माणूस वाईट नसतो. देशाचा पैसा वाचावा ही त्याची तळमळ खरी असते. त्याचं म्हणणं असं, की आधार आहे, मतदारयादी आहे, रेशन कार्ड आहे, घरोघरी विजेचं मीटर आहे, उपग्रहातून छपरं मोजता येतात, कुणाचा मोबाइल रात्री कुठे असतो ते कंपनीला ठाऊक असतं. मग लाखो मास्तरांना उन्हातान्हात दारोदार कशाला हिंडवायचं? बटण दाबा, आकडा हजर.

हा युक्तिवाद तपासून बघायला बेसासारखी जागा नाही, आणि मी तिथेच राहतो. वर्धा रोड सोडून मनीषनगरातून दक्षिणेकडे निघालं, की नागपूर महापालिका कुठे संपली आणि बेसा कुठे लागलं हे दुकानांच्या पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही. इथे शेतं होती, मग ले-आऊट पडले, मग त्यांवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. शेजारचं हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेलं, बेसा बाहेरच राहिलं. आधी ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. २००१ ते २०११ या दशकात नागपूर महापालिकेची लोकसंख्या २०.५२ लाखांवरून २४.०५ लाखांवर गेली; पण शहर त्या वेळीही आपल्या हद्दीबाहेर, वाडी, डिगडोह, बेसा अशा कडांवर सांडत होतं. त्यानंतर किती सांडलं, ते मोजलेलंच नाही.

आणि इथे राहतं कोण? नागपूरच्या मिहान प्रकल्पात नोकरी करणारी पोरंपोरी, चार-चार जण मिळून एका फ्लॅटमध्ये किरायाने. एम्समधले कर्मचारी. मुलांच्या शिकवण्यांसाठी यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून आलेली कुटुंबं, ज्यांचा कर्ता माणूस अजून तिकडेच नोकरीवर आहे आणि शनिवारी येतो. निवृत्तीनंतर घर घेतलेले, पण वर्षातले काही महिने पुण्याला किंवा बंगळुरूला लेकाकडे असणारे आजी-आजोबा. बालाघाटहून, छत्तीसगडहून आलेले बांधकाम मजूर, अर्धवट स्कीमच्या तळमजल्यावर पत्रे लावून संसार मांडणारे. स्कीम झाली की पुढच्या प्लॉटवर. यातलं कोण कोणत्या यादीत सापडतं ते बघू.

आधारपासून सुरुवात करू, कारण देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. आधार दोन गोष्टी सांगतं: हा माणूस आहे, आणि हा दुसरा कुणी नाही. तो आज कुठे राहतो, हे ते खात्रीने सांगत नाही. तो जिवंत आहे का, हेही नाही. मृतांचे दोन कोटींहून अधिक आधार क्रमांक आपण निष्क्रिय केले, असं खुद्द आधार देणाऱ्या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे तोवर ते सगळे यादीत सुखरूप होते. आमच्याकडे चौकशी केलीत तर आधारवरचा पत्ता पुसदचा, राहणं बेसाला, अशी कितीतरी घरं सापडतील. पत्ता बदलायची वेळ काही अडलं तरच येते. आधारवरून लोकसंख्या काढली तर पुसद भरलेलं दिसेल आणि बेसा निम्मं रिकामं.

मतदारयादीचं तर विचारूच नका. गावाकडचं मत सोडवत नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत एक-एक मताला किंमत असते, इथे नगरसेवक कोण ते माहीत नसतं. शिवाय अठरा वर्षांखालचं कुणीच त्या यादीत नाही, म्हणजे लोकसंख्येचा चौथा हिस्सा तरी गेला. रेशन कार्डावर वेगळ्या झालेल्या भावांची नावं एकत्रच राहतात. विजेचं मीटर माणसांचं नसतं, फ्लॅटचं असतं. आणि बेसात गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट किती आहेत, हे संध्याकाळी सातनंतर एखाद्या स्कीमकडे मान वर करून बघितलं तरी कळतं. हे बेसाचंच नाही. २०११ च्या घरयादीत देशात सुमारे ३३ कोटी घरं सापडली होती, त्यातली जवळपास अडीच कोटी रिकामी होती. उपग्रहाला छप्पर दिसतं. कुलूप दिसत नाही, आणि पत्र्याआडचा संसारही दिसत नाही.

यावर उत्तर येतं, की याद्या सुधारता येतील. सुधाराव्यातच. पण या सगळ्या याद्यांचा जन्म वेगळ्या कामासाठी झालेला आहे. त्यात तोच येतो ज्याला काही मिळवायचं असतं, आणि ज्याला काही मिळायचं नाही किंवा ज्याला दाखवायला कागद नाही, तो राहून जातो. पैसा जोडला की यादी कशी फुगते, ते आपण नुकतंच पाहिलं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत वर्षभरात २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनेच सांगितलं, आणि बहिणींच्या यादीत १४ हजारांहून अधिक पुरुषही निघाले. उलट टोकाला, यादी कशी आकसते ते विदर्भाला शिकवायला नको. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांवर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे शेरे पडताना आम्ही पाहिलेत. मेलेला माणूस मेलेलाच असतो. पण मदतीच्या यादीत तो आहे की नाही, हे सातबारा आणि कर्जाचे कागद ठरवतात. अशा याद्यांना लोकसंख्येची मोजणी म्हणायचं धाडस निदान या भागातल्या माणसाने तरी करू नये.

‘पण प्रगत देश तर नोंदवहीवरूनच मोजतात ना?’ काही देश मोजतात. डेन्मार्कने १९६८ मध्ये नागरिकांची केंद्रीय नोंदणी सुरू केली आणि १९८१ पासून तिच्यावरून जनगणना केली. तिथे घर बदललं की कळवावंच लागतं, आणि माणसं कळवतात, कारण डॉक्टरपासून शाळेपर्यंत सगळं त्या पत्त्यावर चालतं. आता जर्मनी बघा. शिस्तीसाठी नावाजलेला देश, घर बदलल्यावर नोंदणी सक्तीची. तिथे २०११ मध्ये नोंदवह्यांच्या जोडीला घरोघरच्या नमुना तपासणीने जनगणना झाली, तेव्हा देशात कागदावर होती त्यापेक्षा सुमारे १५ लाख माणसं कमी निघाली. आलेले नोंदवतात, गेलेले सांगून जात नाहीत. जर्मनीत हे होतं, तर किरायदार बदलला की घरमालक पोलीस ठाण्यात माहिती देतो असं गृहीत धरणाऱ्याने एकदा आमच्या शेजारच्या बेलतरोडीच्या एखाद्या स्कीममध्ये राहून बघावं.

याद्यांवर विसंबून वाद घातला की त्याचं काय होतं, हे महाराष्ट्राने २०२४ च्या विधानसभेनंतर पाहिलं. राहुल गांधी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सवाल केला: राज्यातली प्रौढ लोकसंख्या ९.५४ कोटी, मग मतदार ९.७ कोटी कसे? निवडणूक आयोगाने आपली यादी बरोबर असल्याचं सांगितलं. दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने बाण सुटले. त्यात फार थोड्यांनी विचारलं, की हे ९.५४ कोटी आले कुठून? ते कुणी मोजलेले नाहीत. २०११ ची लोकसंख्या घेऊन, जन्म, मृत्यू आणि स्थलांतर अमुक गतीने चालतील असं मानून केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने पुढची २५ वर्षं मांडली. तो अहवाल २०२० चा आहे. अशा अंदाजावरून धोरणाची दिशा ठरवता येते, पण त्यावरून मतदारयादी खोटी ठरवता येत नाही आणि खरीही ठरवता येत नाही. यादीत चोरी झाली असेल, तर ती सिद्ध करायला आणि झाली नसेल, तर आरोप खोडायला जो आकडा लागतो, तोच राज्याकडे नव्हता. आकडा नसण्याची सोय कुणाला होते, हे वाचकाने ठरवावं.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपक्षाकडे वळतो. तो जास्त अभ्यासू आहे, म्हणून त्याच्याशी जास्त नीट बोलावं लागेल. २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सदस्य शमिका रवी यांनी एक वाद उभा केला. आपली मोठी राष्ट्रीय सर्वेक्षणं २०११ च्या चौकटीतून नमुना निवडतात. तेव्हाची किती तरी गावं आज शहरं झाली आहेत. त्यामुळे सर्वेक्षणांत ग्रामीण वाटा फुगतो आणि देशाची प्रगती आहे त्यापेक्षा कमी दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे माजी प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू यांच्यासारख्यांनी त्याचा प्रतिवाद केला.

रवी यांच्या युक्तिवादातला पहिला अर्धा भाग मी बेसात बसून नाकारू शकत नाही. चौकट जुनी आहे, हे खरंच. जनगणनेच्या भाषेत एखादी वस्ती शहरी ठरायला तीन अटी लागतात: किमान ५,००० लोकवस्ती, मुख्य कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी या अटी पुऱ्या झाल्या की जनगणना तिला शहर मानते. अशी ‘जनगणना शहरं’ २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,९०० च्या जवळ पोचली. दहा वर्षांत एवढी उडी. मग त्यापुढच्या पंधरा वर्षांत किती बेसा तयार झाली असतील?

पण दुसरा अर्धा भाग साफ लंगडा आहे. चौकट जुनी आहे, म्हणून सर्वेक्षणाचा दोष काढायचा, आणि चौकट नवी करणारी जनगणना वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हा कुठला न्याय? २०२१ ची जनगणना कोविडमुळे थांबली, ते समजण्यासारखं होतं. घरयादी १ एप्रिल २०२० ला सुरू व्हायची होती, आठवडाभर आधी ती थांबवावी लागली. पण २०२२ मध्ये शाळा भरत होत्या, निवडणुका होत होत्या, सभांना मैदानं अपुरी पडत होती. जनगणनेची अधिसूचना निघायला १६ जून २०२५ उजाडलं. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. १८८१ पासून दोन महायुद्धं, फाळणी, दुष्काळ, प्लेग या सगळ्यांतून जो दहा वर्षांचा क्रम टिकला, तो या वेळी मोडला. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ मध्येही, गणना झालीच होती. कोष्टकं तेवढी कमी छापली गेली.

शिवाय सर्वेक्षणवाले काही झोपले नव्हते. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या किंवा ५ लाखांहून मोठ्या शहराच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत येणारी गावं त्यांनी वेगळ्या गटात काढली, जेणेकरून कडेच्या वस्त्या नमुन्यातून निसटू नयेत. बेसा अगदी त्याच कड्यात बसतं. चौकट जुनी असताना प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञ काय करतो, त्याचं हे उदाहरण. या क्षेत्रातल्या सुधारणांसाठी सरकारने २०२३ मध्येच प्रणव सेन यांच्या अध्यक्षतेखाली स्थायी समिती नेमली. त्या समितीचे सदस्य जनगणना कधी होणार हे बैठकीत विचारत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये समितीच बरखास्त झाली.

तिसरा प्रतिपक्ष नाक्यावर, पानठेल्यावर भेटतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो. ‘अबे, आपल्याकडचे सगळे आकडे बोगसच ना. मास्तर घरी बसून फॉर्म भरते.’ हे म्हणणं ऐकायला क्रांतिकारक वाटतं, पण त्यातून सरकारला हवं तेच मिळतं. आकडे सगळेच खोटे, तर मग कुठलाही नकोसा आकडा दडपायला हरकत काय? २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निकाल नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने जाहीर न करताच रद्द केले, आणि कारण दिलं ते नेमकं हेच: विदेचा दर्जा चांगला नाही. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये बेरोजगारीचा अहवाल अडवून ठेवल्यावरून मोहनन यांनी राजीनामा दिला होता. सगळंच खोटं मानणारा माणूस या दोन्ही वेळी खांदे उडवून मोकळा झाला.

या देशातल्या मोजणीत चुका आहेत. प्रश्न असा, की त्या किती आहेत हे आपल्याला कळतं का? लोकसंख्याशास्त्रात चांगला आकडा तो, ज्याच्या चुकीचंही माप घेतलेलं असतं. आपली जनगणना स्वतःच ते माप घेते. गणना संपल्यावर निवडक भागांत दुसरी तुकडी पुन्हा घरोघर जाते आणि दोन्ही वेळच्या नोंदी नावागणिक जुळवते. २०११ च्या अशा तपासणीत निष्पन्न झालं, की दर हजारी २३ माणसं मोजायची राहिली. २००१ मध्येही तेवढीच. १२१ कोटींच्या देशात हा आकडा पावणेतीन कोटींच्या आसपास जातो. सुटणारी माणसं खेड्यापेक्षा शहरात जास्त, हेही याच तपासण्यांनी सांगितलं. आता कुणीतरी मला सांगावं: आधारची हजारी चूक किती? मतदारयादीची किती? मोबाइल कंपनीच्या नकाशाची किती? ज्यांना ‘बटण दाबा’ म्हणायची घाई आहे, त्यांच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही.

या दुहेरी मोजणीमागचा विचार आपल्याच देशात रुजलेला आहे, हे कमी लोकांना ठाऊक असतं. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या नोंदींवरून एक पद्धत मांडली. समजा, एका गावातल्या वर्षभरातल्या जन्मांची एक यादी कोतवालाने केली, त्यात ८० जन्म आहेत. दुसरी यादी वेगळ्याच माणसाने घरोघर फिरून केली, त्यात ७०. दोन्हींत सामाईक नावं ५६. मग ८० ला ७० ने गुणा आणि ५६ ने भागा: एकूण जन्म १००. दोन्ही याद्या मिळून ९४ नावं हाती लागली, म्हणजे दोघांच्याही नजरेतून निसटलेले ६. न दिसलेल्याची संख्या काढायची ही युक्ती आहे, आणि तिला एकच अट: दोन्ही याद्या करणाऱ्यांनी एकमेकांचं बघून लिहू नये. एकच घर दोघांनीही टाळलं, गावकुसाबाहेरचं म्हणा, किंवा बेसातल्या पत्र्याआडचं म्हणा, तर उत्तर कमीच येणार. देशाची नमुना नोंदणी पद्धत, जिच्यावरून आपले जन्मदर आणि बालमृत्युदर ठरतात, ती १९६९-७० पासून याच तत्त्वावर चालते: स्थानिक माणूस सतत नोंदी करतो, पर्यवेक्षक सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे येतो, आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे पुन्हा जाऊन खात्री केली जाते. चंद्रशेखरन पुढे मुंबईतल्या लोकसंख्या प्रशिक्षण आणि संशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५६ मध्ये सुरू झालेली ती संस्था आज देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. त्याच काळात पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंचं सर्वेक्षण प्रसिद्ध करत होते. गरीब देशाने मोजायचं कसं, हा प्रश्न इथल्या माणसांनी दुसऱ्यावर सोडला नव्हता.

स्वतंत्र मोजणीने काय उघडं पडतं, याचं विदर्भातलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी गावोगाव घरोघरच्या नोंदी ठेवून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. आरोग्य खात्याच्या दप्तरात येणाऱ्या बालमृत्यूंच्या कैक पटींनी जास्त मुलं प्रत्यक्षात दगावत होती. राज्यभर गदारोळ झाला, सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली, अध्यक्ष डॉ. बंगच. दप्तरातले मृत्यू कमी का होते? नोंदवणारी नर्स दुष्ट होती म्हणून नव्हे. मृत्यू लिहिला की खुलासा तिलाच द्यावा लागायचा. ज्याच्या कामाचं मोल त्या आकड्यावरून ठरतं, त्यानेच तो आकडा लिहायचा असेल, तर तो कुठल्या बाजूला कलेल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

आणि नाक्यावरच्या मित्राला एवढंच विचारतो, की कोविडच्या दुसऱ्या लाटेत काय झालं, ते त्याला शेवटी कुणी सांगितलं? २०२१ मध्ये देशात नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाख, त्याआधीच्या वर्षी ८१ लाख. वाढ २१ लाखांची. त्या वर्षाचे कोविडचे अधिकृत मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास. हे आकडे सरकारच्याच नागरी नोंदणीचे आहेत. ते मे २०२५ मध्ये बाहेर आले, चार वर्षं उशिरा, हा राग आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतले जादा मृत्यू ४७ लाख मांडले तेव्हा भारताने त्यांच्या गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला होता. प्रारूपाशी भांडता येतं. आपल्याच दप्तरातल्या १ कोटी २ लाख नावांशी भांडणं जड जातं.

एवढं म्हटल्यावर जनगणना पवित्र आहे असं मी म्हणतोय, असा समज होईल. तसं नाही. गणनेला सत्ता आणि पैसा जोडला की तीही फुगते. नागालँडची लोकसंख्या १९९१ ते २००१ मध्ये ६४ टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली, आणि पुढच्या दशकात चक्क किंचित घटली. माणसं कुठे गेली नव्हती. आधीच्या वेळी कागदावर आली होती. नायजेरियात १९६२ ची जनगणना प्रांतांच्या भांडणात रद्द झाली. २००६ मध्ये केंद्राने लागोस राज्याची लोकसंख्या ९० लाख सांगितली, राज्य सरकारने स्वतः मोजून पावणेदोन कोटी. आपल्या येत्या गणनेला तर एकाच वेळी जातनिहाय मोजणी आणि पुढे होणारी लोकसभेच्या जागांची पुनर्रचना, दोन्ही चिकटलेली आहेत. फुगवण्याचा मोह कधी नव्हे इतका असेल. माझ्या दृष्टीने त्यातून निष्कर्ष एकच निघतो: गणनोत्तर तपासणी मोठी हवी, आणि तिचा अहवाल मुख्य आकड्यांच्या मागोमाग यायला हवा.

तरीही जनगणनेकडे एक गोष्ट आहे जी इतर कुठल्याच यादीकडे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे तुमची वैयक्तिक माहिती कुणाला बघता येत नाही आणि ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. प्रगणक कागद मागत नाही; तुम्ही सांगाल ते लिहितो. करार न करता किरायाने राहणारा, एका खोलीत सहा जण राहणारा, गावाकडून पळून येऊन लग्न केलेलं जोडपं, ही सगळी माणसं त्याला खरं सांगू शकतात. गणना आधारशी जोडा, अशी सूचना करणाऱ्यांना हे दार आपण बंद करतोय याची कल्पना नसावी.

जनगणनेचा ताजा आकडा नसल्याने बिघडतं काय? राज्यघटनेत पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या प्रकरणांत लोकसंख्येची व्याख्याच अशी आहे, की ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत, तीच लोकसंख्या. म्हणजे आज प्रभाग पाडताना आणि राखीव जागा ठरवताना कायद्याच्या नजरेत बेसा २०११ चंच आहे. मधल्या काळात आलेला माणूस मत देतो, पण प्रभागाच्या हिशेबात नसतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात ८१.३५ कोटी लोकांना धान्य, ही मर्यादाही २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेली. लोकसंख्या वाढली, मर्यादा तिथेच. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता, की त्यामुळे १० कोटींहून अधिक लोक बाहेर राहिलेत. आणि खर्चाचं म्हणाल तर ११,७१८ कोटी म्हणजे माणशी ८० रुपयांच्या आसपास, तेही सोळा वर्षांतून एकदा.

तेव्हा वाद घालायचाच असेल तर ही गणना बेसासारख्या जागी कशी होणार, यावर घालू. प्रगणन गटाच्या सीमा आखताना जुनं गावठाण, नवे ले-आऊट आणि मधले एन. ए. न झालेले प्लॉट कुणाच्या गटात टाकले, ते नगरपंचायतीने नकाशावर दाखवावं. दोन गटांच्या मधल्या पट्टीत घरं हरवतात, ही जुनी रड आहे. ऑनलाइन स्वयंगणनेची सोय फ्लॅटवाल्यांसाठी बरी आहे, पण त्याने प्रगणकाची फेरी कमी होता कामा नये, कारण पोर्टलवर न जाणारेच सुटणारे असतात. कुलूप दिसलं की ‘रिकामं’ लिहून पुढे जायचं, की शनिवारी पुन्हा यायचं, याच्या लेखी सूचना हव्यात. मजुरांची वस्ती घरयादीच्या वेळी एका प्लॉटवर आणि प्रत्यक्ष गणनेच्या वेळी, फेब्रुवारी २०२७ मध्ये, दुसऱ्याच प्लॉटवर असणार, तेव्हा जुनी घरयादी हातात धरून त्यांना शोधता येणार नाही. बेघरांची गणना रात्री होते. तशी रात्रीची एक फेरी चालू बांधकामांवरही व्हायला हवी. महानगरांच्या कडेच्या वस्त्यांसाठी सुटलेल्यांचा दर वेगळा काढून छापावा, मग तो हजारी २३ येवो की ६०. आणि स्कीमच्या कमिट्यांनी आपापल्या वॉचमनला आतापासून सांगून ठेवावं, की प्रगणकाला गेटवर अडवायचं नाही, आणि ‘वर कोणी नाही’ म्हणण्याआधी खाली पत्र्यामागे राहणाऱ्यांनाही बोलवायचं.